यंदा सगळ्यांनी तळ्यावर जायचं

२ मार्च

भुंग्या,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. आईचा पलंग आता बाहेरच्या खोलीत, फोनच्या शेजारीच आहे. झटक्यानं तिची वाचा गेली तरी कान शाबूत आहेत, आणि तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून शिवणयंत्राच्या फळीवर कागद ठेवून लिहितेय. अधेमधे बॉबिनचा दोरा चिकटला असेल, तो काढून टाक.

मनात एक आलंय. यंदा मे महिन्यात आपण सगळ्यांनी तळ्यावर जायचं. बाबा दर उन्हाळ्यात घ्यायचे तेच घर, डोंगरातलं, पाण्याला लागून. मालकीणबाई अजून आहेत, मी त्यांना लिहून विचारलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून पंधरा दिवस घर मोकळं आहे. खाली आई आणि मी, माळ्यावरच्या खोलीत तुम्ही तिघं. पिटुकलीला माळ्याची खिडकी देऊ, तिथून सकाळी पाणी अगदी पाटीसारखं दिसतं. तू नि मी भांडायचो ना त्या खिडकीवरून.

आईची काळजी करू नकोस. ती पुष्कळ सुधारली आहे. खुर्चीत बसते, डाव्या हातानं स्वतः जेवते. शब्द मात्र एकच उरलाय, 'चल'. तळ्यावर जायचं का म्हणून विचारलं, तर लगेच म्हणाली, चल.

आता तूच काय ते ठरव, पण लवकर.

तुझी ताई


११ मार्च

ताई,

पत्र वाचून जिवात जीव आला. आई स्वतःच्या हातानं जेवते हे तू आधी का नाही कळवलंस? मी आपला उगाच धास्तावून होतो.

तळ्यावर जायचंच. घराच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत, त्यांच्यासाठी मी फळी बनवतो. मधे बिजागरी, म्हणजे घडी करून गाडीत टाकता येईल. दोन्ही कडांना पट्टी, खुर्चीचं चाक घसरायला नको. माझी सगळी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात चाललीय, माणसांना खालीवर करणं एवढी एकच विद्या मला येते, ती आईसाठी नाही वापरायची तर कुणासाठी? कंपनीची मोठी गाडीही मागतो.

पिटुकलीला सांगितलं, ती घरभर नाचतेय. हिला अजून रजेचं विचारायचंय. तू मात्र तिला काही लिहू नकोस, मीच बोलेन तिच्याशी. चष्म्याच्या दुकानात सध्या गर्दी असते आणि ती दमून येते. योग्य वेळ बघून सांगितलं की होतं.

आई आता एवढी बरी आहे तर मी मध्ये चक्कर मारत नाही. एकदम तळ्यावरच भेटू.

भुंग्या


२० मार्च

भुंग्या,

तू पाठवलेलं फळीचं चित्र आईला दाखवलं. बराच वेळ बघत होती.

मालकीणबाईंना महिनाअखेर नक्की कळवायचंय. तेव्हा तुझ्या बायकोची रजा पक्की झाली की एक ओळ टाक. आणि जमलं तर एखाद्या रविवारी येऊन जा. खुर्ची गाडीत चढते का ते पाहायला हवं, शिवाय आईला उचलायची एक पद्धत आहे, ती तुला दाखवून ठेवते. माझी पाठ जरा धरलीय. विशेष काही नाही, वाकून वाकून होतं. एका रविवारचा तर प्रश्न आहे.

ताई


६ एप्रिल

ताई,

उत्तराला उशीर झाला. इथे कामाचा डोंगर आहे. एका इस्पितळातली लिफ्ट मधेच अडकते, कारण कुणाला सापडत नाही, सगळे माझ्याच मानगुटीवर बसलेत.

हिची रजा मेमध्ये होईलसं दिसत नाही. दुकानात सगळा माल मोजायचा असतो म्हणे. पिटुकलीचाही पोहण्याचा वर्ग आहे. तर असं करू या का, जूनच्या शेवटी जाऊ. किंवा सरळ थंडी पडायच्या आधी, तेव्हा गर्दीही नसते. आई सुधारतेच आहे, तोवर आणखी सुधारेल. घाई कशाला?

फळी झाली आहे. हिरवा रंग दिलाय.

भुंग्या


९ एप्रिल

भुंग्या,

जून नको. थंडीच्या आधी तर नकोच नको. मी मालकीणबाईंना मेसाठी हो म्हणून कळवून टाकलंय.

हे पंधरा दिवस मला हवे आहेत. का, ते विचारू नकोस, पण हवेत. तू आलास, तुझी बायको आली, घरात चार माणसांचे हात असले, की मी दुपारी दार लावून झोपेन, एवढंच माझ्या मनात आहे. मी कधी तुझ्याकडे काही मागितलंय का? आठवून बघ. आता मागतेय. तू एकटा आलास तरी चालेल, पण ये. जूनपर्यंत माझ्याच्यानं होणार नाही.

या पत्राला उत्तर दे. पत्र नको असेल तर फोन कर, मी दुसरं काहीतरी बोलल्यासारखं करून तुझं ऐकेन.

ताई


२४ एप्रिल

ताई,

तुमचं पत्र माझ्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर मिळालं. दोन दिवस पर्समध्येच होतं. उत्तर काय द्यावं कळत नव्हतं.

तुम्हाला यांनी सांगितलेलं दिसत नाही. मी हिवाळ्यापासून माझ्या आईकडे राहते. पिटुकली माझ्याकडेच आहे. तुम्ही लिहिलंय की 'तुझी रजा एवढी नाही का निघणार', तर रजेचा प्रश्नच कधी नव्हता. हे मार्चमध्ये दुकानात आले. गिऱ्हाईक असल्यासारखे काउंटरशी उभे राहिले आणि म्हणाले, आईसाठी तरी तळ्यावर चल, पंधरा दिवस आपण एकत्र आहोत असं तिला दिसू दे. मी नाही म्हटलं. ते पुन्हा आले, पुन्हा तेच. शेवटच्या वेळी फळीचा फोटो घेऊन आले होते.

माझ्या नकाराचं कारण आई नाहीत, कृपा करून तसं समजू नका. हे वाईट नाहीत. समोरच्याचं तोंड उतरलेलं यांना बघवत नाही, म्हणून जे नाही ते आहे म्हणून सांगतात. ते फसवायला नसतं, हे मलाही कळतं. पण अशा बोलण्यावर विसंबून रोज जगणं मला जमेना.

मुलीला मी तिच्या बापापासून किंवा आजीपासून तोडणार नाही. पण तळ्यावर बायको म्हणून येऊन बसणं माझ्यानं होणार नाही.

तुमची पाठ कशी आहे? अक्षर नेहमीचं वाटलं नाही.

पिटुकलीची आई


२ मे

भुंग्या,

तुझ्या बायकोचं पत्र आलं. तुझ्यावर चिडायला बसले होते, पण चिडायला मला तोंड नाही. मीही तुला खोटंच लिहीत आले.

आई सुधारलेली नाही. डाव्या हातानं जेवत नाही, मी भरवते, तेही गाळून. खुर्चीत बसवली की एका अंगाला कलते. पाठीला फोड येतात म्हणून रात्रंदिवस तिची कूस बदलावी लागते. तळ्यावर जायचं का विचारल्यावर ती 'चल' म्हणाली हे खरं, पण औषधालाही ती चल म्हणते, भिंतीकडे बघूनही म्हणते. खरं कळवलं तर तू घाबरून येणार नाहीस असं वाटलं. बरी आहे म्हटलं तर हौसेनं येशील. पण बरी आहे म्हटल्यावर तुला घाईच उरली नाही.

आता मंगळवारचं सांगते.

शिवलेले कपडे दुकानात पोचवायला गेले होते. आईला कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली, कठडा वर केला. निदान केला असं मला वाटतं. जाऊन यायचं, एवढंच काम. कपडे दिले, थांब्यावर आले. आपल्या घराकडची बस आली आणि मी चढले नाही. बघत राहिले, ती गेली. मग डोंगराकडची आली, तिच्यात मात्र चढले. कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं. मी म्हटलं, शेवटपर्यंत.

मला त्या बसमध्ये झोप लागली, भुंग्या. अशी झोप मला वर्षभरात लागली नव्हती. जाग आली तेव्हा समोर डोंगर होते आणि माझं डोकं स्वच्छ होतं. त्या स्वच्छ डोक्यात आईचा पहिला विचार आला तो असा, की एव्हाना ती गेली असेल तर सुटलो.

पुढच्या थांब्यावर उतरले. मिळेल त्या गाडीनं परत आले.

घराचं दार उघडं होतं, कडी उपटलेली. शेजारचे घड्याळवाले काका जमिनीवर बसले होते, आईचं डोकं मांडीवर घेऊन. ती पलंगावरून पडली होती. धड हातानं फरशी बडवत 'चल, चल' ओरडत होती म्हणे, काकांना वाटलं आत कुणी भांडतंय. गालाचं हाड सुजलंय, मनगटाला पट्टा बांधलाय, आणि तेही त्याच हाताचं, चालत्या. डॉक्टरांनी विचारलं, त्या वेळी घरात कोण होतं? काका म्हणाले, ताई नुकत्याच दुकानात गेल्या होत्या. मी तेच खरं ठरू दिलं.

मला आता माझी भीती वाटते. दुसरं काही लिहायचं नाही. तळ्याचं रद्द करते.

ताई


५ मे

ताई,

काही रद्द करू नकोस. मी शुक्रवारी येतोय, सामान घेऊन. सामान म्हणजे एक बॅग आहे. चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानावर एका खोलीत राहतो मी, तिथून आणण्यासारखं काही जमलंच नाही.

पिटुकलीच्या आईनं लिहिलंय ते सगळं खरं आहे. आईचं निमित्त करून ती एकदा तिथे आली, सकाळी सगळे पाण्याकाठी बसलो, की तिला आपोआप परत यावंसं वाटेल, असं माझं चाललं होतं. मी सगळ्यांना तळ्यावर नेऊन तिथे माझा संसार जोडणार होतो. तू तिथे नुसती झोपणार होतीस. ताई, मी तुझं नऊ एप्रिलचं पत्र वाचलं होतं. वाचून उशीखाली ठेवलं आणि कामावर गेलो नाही. त्यानंतर नीट गेलेलोच नाही.

आता तू जा. एकटी जा. घर घेतलेलंच आहे. तू पंधरा दिवस माझ्या डोळ्यांसमोर नको आहेस, असं समज. काय काय करायचं ते एक दिवस दाखव आणि नीघ.

भुंग्या


१४ मे

भुंग्या,

इथे फार छान आहे असं लिहायला हवं ना? नाही. थंडी आहे, धुकं दुपारपर्यंत हलत नाही, आणि पाणी इतकं गार की पाय बुडवला तर घोट्यात कळ येते. आपण यात तासन्‌तास डुंबायचो यावर विश्वास बसत नाही.

मी नीट झोपतही नाही. रात्री उठून बसते आणि अंधारात हात फिरवते. पहिल्या रात्री शेजारची उशी उचलून तिची कूस बदलली. मग लक्षात आलं आणि हसू आलं, मग ते हसू थांबेना, मालकीणबाई मागच्या खोलीतून काठी आपटायला लागल्या.

हातांना काम नाही म्हणून त्यांचे विरलेले पडदे दुरुस्त करायला घेतलेत. त्या घराच्या मागच्या खोलीत राहतात, माझ्याशी बोलत नाहीत, नुसता चहा आणून ठेवतात. कुणीतरी माझ्यापुढे चहा ठेवतं, भुंग्या. पहिल्या दिवशी तो गार होईस्तोवर मी बघतच बसले.

पुढच्या रविवारी निघते. आई कशी आहे ते खरं लिही.

ताई


१८ मे

ताई,

खरं लिही म्हणालीस, लिहितो. शनिवारीच ये. जमलं तर त्याच्याही आधी.

आई माझ्या हातून खात नाही. चमचा नेला की दचकते, तोंड मिटते. काल घास माझ्या अंगावर उडाला आणि मी तिच्यावर ओरडलो. आपल्या आईवर, जिला उठून खोलीबाहेरही जाता येत नाही. ती 'चल, चल' म्हणत राहिली. मी न्हाणीघरात जाऊन कडी लावली, नळ सोडला आणि कानात बोटं घातली. किती वेळ ते माहीत नाही. बाहेर आलो तर तिची चादर ओली झालेली आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

पाठीवर एक फोड आलाय. तू म्हणालीस तशी कूस बदलतो, पण मला गाढ झोप लागते, गजर ऐकू येत नाही.

तू हे वर्षभर कसं केलंस, हे विचारायचीही मला लाज वाटते. पण माझ्यात ते नाही. काही माणसांत नसतं. तू रविवारी आली नाहीस तर मी काय करून बसेन सांगता येत नाही. ये, ताई. तुझ्या पाया पडतो.

भुंग्या


२१ मे

भुंग्या,

तुझं पत्र तळ्याच्या धक्क्यावर बसून वाचलं. अक्षर तुझं होतं, पण वाक्यं माझीच होती. एप्रिलमध्ये तुला न लिहिलेली.

वाचून लगेच बॅग भरली. भरून पलंगावर बसले आणि पाय उचलेनात. मालकीणबाई दारात आल्या, बॅगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिथेच खुर्ची ओढून बसल्या. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी तशाच.

मी रविवारी येत नाही. उन्हाळाभर इथे पाहुणे येतात, चादरी, पडदे, गाद्यांचे अभ्रे यांचं काम आहे, ते मी घेतलंय. जून सरेपर्यंत तरी इथेच आहे. मला शिव्या दे, चालेल. पण मी आत्ता आले तर एक दिवस पुन्हा त्या डोंगराच्या बसमध्ये बसेन, आणि या वेळी मधेच उतरणार नाही. हे मला आरशासारखं दिसतंय. माझ्यात ते होतं म्हणून मी केलं असं तुला वाटतं. माझ्यातही नव्हतं. दुसरं कुणी नव्हतं, एवढंच.

आता ऐक. तिच्या उजव्या हाताला बसू नकोस. त्या अंगाचं तिला दिसत नाही, घास एकदम अंगावर आल्यासारखा वाटतो, म्हणून ती दचकते. डावीकडे बस. चमचा खालच्या ओठाला टेकव आणि थांब. तोंड तिचं तिला उघडू दे. फोडाला वारा लागू दे आणि नर्सबाईंना आजच बोलाव. गजर पत्र्याच्या डब्यात ठेव. ओरडावंसं वाटलं तर भिंत मधोमध ठोक, घड्याळवाले काका येतील. ते काही विचारत नाहीत. तू निघून जावंसं वाटेल, तेव्हाही ठोक.

मी दगड आहे असं समजू नकोस. हे पत्र पेटीत टाकून मी परत येईन तेव्हा किती रडेन, ते मला ठाऊक आहे.

ताई


९ जून

ताई,

तुझं पत्र वाचून मी ते फाडलं. मग तुकडे गोळा करून चिकटवले, कारण घास कसा द्यायचा ते मधल्या तुकड्यात होतं.

डावीकडे बसलो. चमचा ओठाला लावून थांबलो. हात अवघडला, शिव्या आल्या तोंडात, तुझ्या नावानं. मग तिनं तोंड उघडलं. वाटीभर खाल्लं. मी वाटी घासायला गेलो आणि मोरीपाशी बसून रडलो. त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. दोनदा भिंत ठोकली. एकदा काका रात्रीच्या कपड्यांतच आले, आईशेजारी बसून घड्याळ उघडून साफ करत राहिले, आणि मी जिन्यात जाऊन झोपलो. फोड मात्र सुकतोय. नर्सबाईंनी मला झापलं आणि शिकवलंही.

गेल्या रविवारी ती आली होती, पिटुकलीला घेऊन. पडताना आईच्या चष्म्याची दांडी वाकली होती, ती तिनं तिथल्या तिथे सरळ करून दिली. मी विचारलं, तू परत यायचं काही मनात आहे का? ती म्हणाली, नाही. मी म्हटलं, बरं. पहिल्यांदाच मी ते नीट ऐकून घेतलं. मग ती भाजी चिरायला बसली आणि पिटुकलीनं आजीला भरवलं, न सांगता डावीकडे बसून.

कामावर मी सकाळपुरता जातो, तेवढा वेळ काका बसतात. साहेबांनी कुरकुर केली, पण ठेवलंय.

आता मुद्दा. डोंगराकडच्या बसला मागच्या दाराशी खुर्ची चढवायचा पाळणा असतो. या शुक्रवारी आई, पिटुकली आणि मी येतोय, हिरवी फळी घेऊन, दोन रात्रींसाठी. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, झेपेल असं छातीठोक सांगत नाही, झेपणार नाही असंही म्हणत नाही. मी जबाबदारी घेतली. मालकीणबाईंना सांग, खालची खोली आईला आणि मला. तू पिटुकलीबरोबर माळ्यावर. आईचं खाणं, भांडं, कूस, सगळं माझ्याकडे. तिनं हाक मारली तरी तू उठायचं नाहीस. तुला परत न्यायला मी येत नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो. तिला वारा लागावा आणि तुम्ही दोघींनी एकमेकींना बघावं, एवढ्यासाठी येतोय.

संध्याकाळच्या बसची वाट बघ. ती आली आणि आम्ही उतरलो नाही, तर समज की आईला झेपलं नाही आणि आम्ही अर्ध्या वाटेतून मागे फिरलो. तसं झालं तरी तू बॅग भरू नकोस.

भुंग्या